कुकरमधला केक, भोपळ्याचे घारगे आणि मेसच्या मावशी

नोव्हेंबर म्हणजे आपल्याकडे सबमिशनचा महिना. जर्नलं अपुरी, शीट्स अपुऱ्या, आणि सरांची सही मिळवायला केबिनबाहेर रांग. अशाच एका गुरुवारी संध्याकाळी आमचा एक सीनियर हॉस्टेलवर उगवला. स्वारी हिंजवडीत नोकरीला. एरवी रविवारशिवाय दिसत नाही, म्हणून विचारलं, तर म्हणाला, "आज कॉलच नाहीत. क्लायंट सुट्टीवर. तिकडे थँक्सगिव्हिंग आहे."

म्हणजे काय, ते आम्हाला पिक्चरमध्ये पाहिलेल्या भल्यामोठ्या भाजलेल्या टर्कीपलीकडे माहीत नव्हतं. मग त्यानं सांगितलं आणि उरलेलं आम्ही वाचून काढलं. १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून १०२ प्रवासी अमेरिकेत उतरले. पहिल्याच हिवाळ्यात त्यातले जवळजवळ निम्मे गेले. तिथल्या वाम्पानोआग लोकांनी मका लावायला शिकवलं, पीक आलं आणि १६२१ च्या शरद ऋतूत प्लिमथला दोघांचं मिळून तीन दिवस जेवण झालं. पुढे १८६३ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, लिंकननं हा दिवस देशभर पाळायचं जाहीर केलं. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार हे कायद्यानं ठरलं ते १९४१ मध्ये. दुसरी बाजूही आहे. ज्यांनी मका लावायला शिकवलं त्यांच्या जमिनी पुढे गेल्या, म्हणून १९७० पासून तिथले काही मूळ रहिवासी त्याच दिवशी प्लिमथला जमून शोकदिन पाळतात. ज्यांनी जेवू घातलं त्यांनाच विसरायचं, असा हा प्रकार.

ह्यावर आमचा नांदेडचा रूममेट म्हणाला, "आपलं तरी काय वेगळं?" पोळ्याला आपण बैलाला पुरणपोळी घालतो. खंडेनवमीला चाकण-भोसरीच्या शॉपमध्ये लेथला हार पडतो, आपल्या वर्कशॉपमध्येही पडतो. पण तीन वर्षं ज्यांच्या हातची पोळी खाल्ली, त्या मेसच्या मावशींना बसून जेवताना आपल्यापैकी कुणी पाहिलंय का? कुणीच पाहिलं नव्हतं. आम्ही त्यांना पाहिलं ते फक्त भाजीवरून वाद घालताना.

झालं, ठरलं. रविवारी रात्री मेसला सुट्टी असते. तेव्हा आम्ही नऊजणांनी स्वयंपाक करायचा आणि मेसच्या सहाजणांनी जेवायचं. रेक्टर सरांनी परवानगी दिली, पण सिलिंडर बंद केल्यावर त्यांना बोलावून दाखवायचा, ह्या अटीवर. खोलीत हॉटप्लेट लावून असले उद्योग करणाऱ्यांनी ही ओळ पुन्हा वाचावी.

टर्की पहिल्याच मीटिंगमध्ये बाद झाली. अर्धे शाकाहारी, आणि तो पक्षी मिळणार कुठे? पण तिकडच्या ताटात भोपळ्याचा पाय हवाच असतो. पाय म्हणजे मैद्याच्या पारीत भोपळ्याचं अंडं-दूध घातलेलं सारण, त्यात दालचिनी, आलं, जायफळ. गंमत म्हणजे १६२१ च्या जेवणात तो नव्हताच. तिथे ना ओव्हन होता, ना गव्हाचं पीठ. आणि आपल्याकडे भोपळा आणि जायफळ म्हटलं की घारगे! भोपळा, मका, बटाटा, टोमॅटो, मिरची, शेंगदाणा, सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. कोलंबसानंतर ते जगभर गेलं, तसं आपल्याकडेही आलं. म्हणजे आपल्या मेसचा बटाट्याचा रस्सा आणि शेंगदाण्याची चटणी हे निम्मं थँक्सगिव्हिंगच आहे, फक्त आपल्याला माहीत नव्हतं.

घारग्यांची कृती नांदेडकरानं आईला फोन करून घेतली. एक किलो लाल भोपळा किसून परतायचा, अर्धा किलो गूळ घालायचा, गूळ विरघळला की गॅस बंद. गार झाल्यावर त्यात मावेल तेवढी कणीक, थोडा रवा, चिमूटभर मीठ, जायफळ. पाण्याचा थेंब घालायचा नाही. आम्ही 'थोडंसंच' घातलं आणि पीठ सैल झालं, मग अजून कणीक, मग अजून. शेवटी नव्वदेक घारगे झाले. कमी पडले असते तर पंचाईत होती, त्यापेक्षा बरं.

खरी कसोटी केकची होती. ओव्हन नाही, आणि मेसची भांडी सगळी पन्नास माणसांची. मावशींनी घरचा छोटा कुकर आणून दिला. कशाला हवा ते आम्ही सांगितलं नाही. सगळ्यांना माहीत असलेली पद्धत अशी: कुकरची शिट्टी आणि रिंग काढायची, तळाला वाळू, वर स्टँड, त्यावर डबा, पाणी अजिबात नाही.

पाणी का नाही, ह्याचं उत्तर आपल्या थर्मोच्या स्टीम टेबलमध्ये आहे. शिट्टी लावलेल्या कुकरमध्ये निरपेक्ष दाब साधारण २ बार असतो, आणि त्या दाबाला पाणी १२० अंशांना उकळतं. आत पाणी आहे तोवर तापमान त्यावर जात नाही. केकला तांबूस रंग आणि तो खमंग वास येतो तो साखर आणि प्रथिनांच्या मेलार्ड अभिक्रियेतून, आणि तिला १४० अंशांच्या आसपास तरी पोचावं लागतं. म्हणून वाफेवर ढोकळा होतो, केक होत नाही. वाळूचं काम एवढंच की ज्योतीची उष्णता एका जागी न लागता सगळीकडे सारखी पसरावी. ती चाळून, धुऊन, वाळवून आणली तर आचारी मामा म्हणाले, "आरं, भातात एक खडा सापडला की तक्रारवहीत पान भरता, आन् आता स्वतःच वाळू आणली व्हय?"

मिश्रण असं: एक वाटी बारीक रवा, एक वाटी दही, पाऊण वाटी साखर, पाव वाटी तूप, अर्धी वाटी दूध. वीस मिनिटं झाकून ठेवायचं म्हणजे रवा फुलतो. मग अर्धा चमचा खायचा सोडा. आणि इथेच आम्ही माती खाल्ली. दह्यातलं आम्ल आणि सोडा भेटले की कार्बन डायऑक्साइड त्याच क्षणी सुटायला लागतो. तो मिश्रणात अडकलेला असतानाच उष्णता मिळाली पाहिजे, म्हणजे बुडबुडे मोठे होतात आणि भोवतीचा रवा घट्ट होऊन ती जाळी तशीच राहते. आम्ही सोडा घातला आणि मग कुकर तापवायला ठेवला. मग डबा झाकणात मावेना. मग दुसरा डबा शोधा. तोवर गॅस हवेत. पहिला केक म्हणजे गोड विट निघाली.

त्याहून वाईट म्हणजे झाकणाकडे कुणाचं लक्ष गेलं, तर सेफ्टी व्हॉल्व्ह वितळलेला! खरं तर त्यानं कामच केलं होतं. त्यात कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू असतो. कुकरमधलं पाणी संपून तो कोरडा तापला की हा धातू वितळतो आणि वाट मोकळी होते. आम्ही कोरडाच तापवला होता. पुस्तकात हे वाचलेलं होतं, व्हायव्हात सांगितलंही असतं. पण आभार मानायला बोलावलेल्या बाईंचाच कुकर आम्ही बिघडवला होता, आणि जेवणाला दोन तास उरले होते.

एकजण सायकल घेऊन डांगे चौकात पळाला. दुसरा केक आम्ही जाड बुडाच्या पातेल्यात, वर घट्ट झाकण आणि त्यावर वजन ठेवून केला. दहा मिनिटं आधी वाळू तापवून घेतली, सोडा अगदी शेवटी, मग मंद आचेवर पाऊण तास. सुरी घातली, कोरडी बाहेर आली. तेव्हा जो आरडाओरडा झाला तो गॅदरिंगलाही झाला नसेल. कुकरपेक्षा पातेलं बरं, हे लक्षात ठेवा.

नानकटाईचं काम मात्र आम्ही शहाणपणानं बाहेर दिलं. पूर्वी मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीत जायचं आणि भाजून आणायचं, ही घरोघरची पद्धत होती. आमचा सांगलीकर अजून लहानपणी पत्र्याचा डबा घेऊन रांगेत बसल्याचं सांगतो. पाव भाजून झाले की भट्टीची धग उतरत जाते, आणि नानकटाईला तीच उतरती धग मानवते, नाहीतर वरून करपते आणि आत कच्ची राहते. बेकरीवाल्या चाचांनी आमचं पीठ हातात घेऊन पाहिलं आणि तूप कमी आहे म्हणून तिथूनच परत पाठवलं. गेलो, घातलं, आलो.

आठ वाजता पंगत बसली. म्हणजे बसवावी लागली. मावशी दर दोन मिनिटांनी उठायच्या, पोळी वाढू का, पाणी आणू का. शेवटी कोल्हापूरकर म्हणाला, "बसा की मावशी! उठलात तर उद्यापास्नं रोज भाजीला नावं ठेवीन." तेव्हा कुठे बसल्या. कुकरचं आम्ही जेवणाआधीच सांगून टाकलं, नवा व्हॉल्व्ह समोर ठेवला. त्या म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. माझ्या सुनेनं पण असाच घालवला होता." भाषण करायचं ठरलं होतं, ते कुणालाच जमलं नाही. घारगा तोडून त्या म्हणाल्या, "जायफळ जास्त झालंय," आणि अजून दोन मागितले.

केकचा कडेचा तुकडा त्यांनी नातवासाठी बांधून घेतला. मामांनी गोड विटही नेली, दुधात भिजवून खातो म्हणाले. सिलिंडर बंद केलेला दाखवायला सरांना बोलावलं, तर तेही दोन नानकटाया खाऊन गेले.

पातेलं आमच्या खोलीत आहे. वाळू धुऊन डब्यात भरून ठेवली आहे. पुढच्या नोव्हेंबरात कुणाला हवी असेल तर दुसऱ्या मजल्यावर विचारा. कुकर मागू नका.