कोठारात माणसं: युद्धाच्या बोटींचा दुसरा जन्म

घणसोली गावाच्या पश्चिमेला खारफुटी ओलांडली की ठाण्याची खाडी लागते. हीच खाडी दक्षिणेकडे जाऊन मुंबई बंदराच्या पाण्याला मिळते. १४ एप्रिल १९४४ च्या दुपारी चारनंतर त्या बंदरात, व्हिक्टोरिया डॉकमध्ये, ‘फोर्ट स्टिकिन’ नावाची मालवाहू बोट फुटली. तिच्या पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं होती, त्यांच्याच जोडीला कापसाच्या गाठी. धमाका ऐंशी किलोमीटरपर्यंत ऐकू गेल्याचं सांगतात, आणि घणसोली तिथून सरळ रेषेत जेमतेम पंचवीस किलोमीटरवर. आग विझवताना मुंबई अग्निशमन दलाच्या जवानांनी प्राण दिले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून देशभर पाळला जातो.

‘फोर्ट स्टिकिन’ १९४२ साली कॅनडात बांधलेली होती. शत्रूच्या पाणबुड्या बोटी बुडवतील त्याहून वेगाने नव्या बांधायच्या, या हिशेबाने काढलेल्या शेकडो बोटींपैकी ती एक. तिची चुलत भावंडं म्हणजे अमेरिकेच्या ‘लिबर्टी’ बोटी. त्या २,७१० बांधल्या गेल्या. त्यांच्यामागून अधिक वेगवान ‘व्हिक्टरी’ बोटी आल्या, पाचशेहून जास्त. युद्ध संपलं तेव्हा यातल्या बहुतेक तरंगत होत्या. त्यांचं पुढे काय झालं, हा इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही.

मालाच्या बोटी अशा मुबलक उरल्या आणि प्रवाशांच्या बोटींचा मात्र दुष्काळ पडला. मुंबईनेच किती गमावल्या ते पाहा. मुंबईहून आफ्रिकेला निघालेली ‘तिलावा’ नोव्हेंबर १९४२ मध्ये जपानी पाणबुडीने बुडवली आणि २८० जण गेले. सिंधिया कंपनीची ‘एल मदिना’ मार्च १९४४ मध्ये बंगालच्या उपसागरात बुडाली, तिच्यावरचे ३८० जण दगावले. त्याच कंपनीची, हज यात्रेकरूंना नेणारी ‘एल हिंद’ युद्धासाठी सैन्यवाहू केली होती. ती तर डॉकच्या त्याच आगीत जळाली.

बोटी नव्हत्या आणि जाणारी माणसं लाखांनी होती. युरोपातल्या छावण्यांत घर, गाव, देश हरवलेले लोक बसून होते. आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेने १९४७ पासून पुढच्या चार-पाच वर्षांत दहा लाखांहून अधिक लोकांना नव्या देशांत पोचवलं. त्यांना न्यायला नव्या बोटी बांधत बसायला सवड नव्हती. म्हणून हाताशी होत्या त्या मालवाहू बोटींतच माणसं बसवायचं ठरलं.

लिबर्टी अकरा नॉटने चालायची. तेवढ्या संथ बोटीवर शेकडो माणसांना आठवडेच्या आठवडे खाऊ घालणं परवडणारं नव्हतं. व्हिक्टरीला वाफेची टर्बाइन होती आणि तिचा वेग पंधरा ते सतरा नॉट. त्यामुळे निवड बहुधा तिची झाली. मालाच्या कोठारात पोटमाळ्यासारखा एक मधला डेक असतोच. तिथे एकावर एक बंक बसवता येतात. खरं काम त्यानंतरचं. बंद कोठारात हवा खेळवायची, गोडं पाणी न्यायचं, शौचालयं आणि भटारखाना बांधायचा, वर पळायला जिने काढायचे, माणशी लाईफबोटीत जागा करायची. शिवाय माणसांचं वजन मालापुढे काहीच नाही, म्हणून बोट डगमगू नये यासाठी तळाशी भार ठेवायचा.

डच सरकारने अशा तीन व्हिक्टरी घेतल्या. ‘कोस्टा रिका व्हिक्टरी’ची ‘ग्रोटे बेअर’ झाली, ‘क्रॅन्स्टन व्हिक्टरी’ची ‘झाउडरक्राउस’ आणि ‘ला ग्रांद व्हिक्टरी’ची ‘वॉटरमन’. आधी त्यांनी इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याविरुद्ध लढायला सैनिक वाहिले. तो देश स्वतंत्र झाल्यावर त्याच बोटी स्थलांतरितांना कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला नेऊ लागल्या. इटलीच्या सिटमार कंपनीने ‘कास्तेल बियांको’ आणि ‘कास्तेल वेर्दे’ अशाच घडवल्या. लाउरो कंपनीने तर मालवाहू सांगाड्यावर उभारलेल्या दोन विमानवाहू बोटींच्या धावपट्ट्या उतरवून ‘रोमा’ आणि ‘सिडनी’ या प्रवासी बोटी केल्या.

आपल्या भागात हेच काम बोटींसोबत छावण्यांनीही केलं. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. युद्धानंतर ते निघून गेले आणि त्यांच्या रिकाम्या बराकींत सिंधी निर्वासित आले. तेच आजचं गांधीनगर. फाळणीनंतर कराचीहून आगबोटींनी मुंबईच्या धक्क्यावर उतरलेल्या सिंधी कुटुंबांपैकी अनेकांना कल्याणच्या लष्करी छावणीत पाठवण्यात आलं. युद्धासाठी बांधलेल्या त्या बराकींतूनच १९४९ मध्ये उल्हासनगर उभं राहिलं. घणसोलीहून ते फार लांब नाही.

जागा मिळाली म्हणजे सोय झाली, असं मात्र नव्हे. आपल्या किनाऱ्यावर डेकचे प्रवासी पिढ्यान् पिढ्या उघड्यावर वळकटी टाकून गेले. त्यांच्यासाठी १९३१ मध्ये ‘सिमला नियम’ झाले, पण माणशी किती जागा हवी यावरचा आंतरराष्ट्रीय करार व्हायला १९७३ उजाडलं. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ती बोट मुळात प्रवाशांसाठीच बांधलेली होती. पण तिच्यावर वायरलेस नव्हतं, आणि बुडताना मदतीची हाक मारायला काहीच साधन नव्हतं. जन्माने प्रवासी असणं बोटीला सुरक्षित करत नाही, हे त्या दिवशी मुंबईने फार मोठी किंमत देऊन शिकून घेतलं.

साठच्या दशकात जेट विमानं आली आणि या रूपांतरित बोटींचे दिवस भरले. तिन्ही डच बोटी १९७० च्या आसपास भंगारात गेल्या. मुंबईहून हजला बोटीने जाणंही १९९५ नंतर थांबलं.

त्या बोटींनी ठेवलेला धडा मात्र जुना झालेला नाही. सिडकोच्या स्थापनेनंतर, १९७० पासून, घणसोलीसारख्या गावांची शेतं आणि मिठागरं शहरासाठी गेली. जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांचं १९८४ साली जासईच्या परिसरात रक्त सांडलं. हलवल्या जाणाऱ्या माणसाला काय लागतं, हे या पट्ट्याला कुणी शिकवायला नको. किती माणसं मावतील हा कोठाराचा हिशेब झाला. हवा, पाणी, शौचालय, बाहेर पडायची वाट आणि मदतीला हाक मारायची सोय, या पाच गोष्टी माणशी मोजल्या तरच कोठाराची प्रवासी बोट होते आणि छावणीचं गाव होतं. पुनर्वसनाच्या प्रत्येक आराखड्यात याच पाच गोष्टी आधी तपासल्या पाहिजेत.