पाळीव शॅमेलिऑनच्या वर्तनातील बदल : वेळीच ओळख आणि योग्य उपाय

पाळीव शॅमेलिऑन भरदिवसा डोळे मिटून बसू लागला, नेहमीची उंच फांदी सोडून पिंजऱ्याच्या तळाशी आला किंवा समोरचे नाकतोडे दिसत असूनही त्याने जीभ बाहेर काढली नाही, तर तो सुस्तावला असेल असे समजून दुर्लक्ष करणे धोक्याचे ठरते. हा प्राणी आपले आजारपण शक्य तितका काळ लपवतो. निसर्गात पक्षी आणि साप यांचे भक्ष्य असलेल्या प्राण्याने दुर्बलता दाखविणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण देणे होय. ही उपजत सवय पिंजऱ्यातही सुटत नाही. त्यामुळे वर्तनातील बदल उघडपणे दिसू लागतो, तेव्हा आजार बहुधा बराच पुढे गेलेला असतो आणि उपचारासाठी थोडाच अवधी हाती उरतो.

मराठीत सरडगुहिरा किंवा घोयरा या नावांनी ओळखला जाणारा हा प्राणी सरड्यांच्याच वर्गातला आहे. अमेरिका आणि युरोपात घरोघरी पाळल्या जाणाऱ्या जातींमध्ये ‘वेल्ड शॅमेलिऑन’ ही जात विशेष प्रचलित आहे. डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंच तुरा असलेली ही जात मूळची येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागातील आहे. मादागास्करमधील ‘पँथर शॅमेलिऑन’ ही दुसरी लोकप्रिय जात. या दोन्ही जातींची बंदिवासात पैदास होत असली, तरी कुत्र्या-मांजरांप्रमाणे ते माणसाळत नाहीत. पाळणाऱ्याशी त्यांचा संवाद होतो तो केवळ वर्तनातून. म्हणूनच ते वर्तन वाचता येणे आवश्यक ठरते.

नेहमीचे वर्तन कोणते?

विचित्र वाटणारी प्रत्येक हालचाल आजाराची नसते. शॅमेलिऑन पुढे-मागे झुलत, वाऱ्याने हलणाऱ्या पानासारखा चालतो. त्याचे दोन डोळे एकाच वेळी दोन वेगवेगळ्या दिशांना फिरतात आणि भक्ष्य हेरल्यावर दोन्ही त्यावर स्थिरावतात. तासन् तास एकाच फांदीवर निश्चल बसणे हेही त्याच्या स्वभावाला धरूनच आहे. कात टाकण्याच्या सुमारास त्वचा पांढुरकी पडते, तो फांदीवर अंग घासतो आणि कधी कधी डोळ्यांचे बुबुळासह उंचवटे फुगवून फिरवतो. नवख्या पालकाला हे दृश्य घाबरवणारे वाटले, तरी कात गळून पडल्यावर सर्व पूर्ववत होते.

रंगाच्या बाबतीत गैरसमज सर्वाधिक आहेत. ‘सरड्यासारखा रंग बदलणे’ हा वाक्प्रचार सर्वांच्या तोंडी असल्याने, ज्या वस्तूवर ठेवावे त्या वस्तूचा रंग हा प्राणी धारण करतो अशी समजूत रूढ झाली आहे. वास्तविक रंगबदलाचा संबंध मुख्यतः तापमान, मनःस्थिती आणि आपल्या जातीच्या इतर प्राण्यांना द्यावयाचे संकेत यांच्याशी असतो. जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये पँथर शॅमेलिऑनवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्वचेतील विशिष्ट पेशींमध्ये ग्वानिन या द्रव्याचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. प्राणी शांत असताना ते परस्परांच्या जवळ असतात, तर उत्तेजित झाल्यावर त्यांच्यातील अंतर वाढते आणि परावर्तित होणारा प्रकाश निळ्या-हिरव्याकडून पिवळ्या-लालकडे सरकतो, असे या अभ्यासात दिसून आले.

सकाळी गडद झालेला शॅमेलिऑन त्यामुळे आजारीच असेल असे नाही. गडद त्वचा उष्णता अधिक शोषून घेते. अंग तापल्यावर रंग पुन्हा उजळतो. रात्री झोपेत रंग फिका पडणे हेही स्वाभाविक आहे. मात्र पुरेशी ऊब मिळूनही दिवसभर रंग काळसर किंवा मलूल राहिला, तर ते थंडी, ताण किंवा आजार यांपैकी एकाचे लक्षण समजावे.

ताण की आजार?

शॅमेलिऑन एकांतप्रिय आहे. एका पिंजऱ्यात दोघांना ठेवणे तर टाळावेच, परंतु समोरासमोरच्या पिंजऱ्यांतून ते एकमेकांना दिसत राहिले, तरीही दोघांवर सतत ताण येतो. काचेत दिसणारे स्वतःचे प्रतिबिंब त्याला प्रतिस्पर्धी वाटते. अंग चपटे करून फुगणे, तोंड उघडून फुत्कारणे, शरीरावर गडद पट्टे उमटणे, ही या भीतीची अभिव्यक्ती होय. घरातील वर्दळ, मांजराचा वावर, वारंवार हातात घेणे यांचाही असाच परिणाम होतो. अशा वेळी प्रथम कारण दूर करावे. पिंजरा उंचावर व भिंतीलगत ठेवावा, पानांची दाटी वाढवावी आणि काही दिवस प्राण्याला स्पर्श करू नये. ताण दीर्घकाळ राहिला, तर भूक मंदावते, प्रतिकारशक्ती घटते आणि ताणाचे रूपांतर आजारात होते.

तोंड उघडे ठेवण्याचे अर्थ दोन. तापलेल्या दिव्याखाली बसून प्राणी तोंड उघडत असेल आणि सावलीत गेल्यावर ते मिटत असेल, तर उष्णता अधिक झाली आहे. प्रौढ वेल्ड शॅमेलिऑनसाठी ऊब घेण्याच्या जागी सुमारे २९ ते ३२ अंश सेल्सिअस आणि पिंजऱ्याच्या इतर भागात २२ ते २७ अंश तापमान योग्य मानले जाते. रात्री ते आणखी काही अंशांनी उतरलेले चालते. याउलट, सावलीतही तोंड उघडे, मान वर ताणलेली, श्वासाबरोबर घरघर आणि नाकातोंडाशी बुडबुडे किंवा चिकट स्राव आढळल्यास श्वसनमार्गाच्या संसर्गाची शक्यता असते. यावर घरगुती उपाय नाही. त्याच दिवशी पशुवैद्यक गाठावा.

पाणी, प्रकाश आणि हाडे

भांड्यातील स्थिर पाण्याकडे शॅमेलिऑनचे सहसा लक्ष जात नाही. पानांवरील थेंब चाटून तो तहान भागवतो. पाण्याचे भांडे भरून ठेवलेले असताना प्राणी तहानेने खंगत आहे, असा प्रकार नवख्यांच्या घरी घडतो तो यामुळेच. खोल गेलेले डोळे, सैल पडलेली त्वचा आणि विष्ठेसोबत येणाऱ्या पांढऱ्या भागाचा पिवळा वा नारिंगी होत गेलेला रंग, ही शरीरातील पाणी कमी झाल्याची चिन्हे आहेत. पानांवर दिवसातून काही वेळा पाण्याचा फवारा द्यावा किंवा थेंब-थेंब ठिबकणारी सोय करावी. दोन फवाऱ्यांमध्ये पाने वाळू द्यावीत, अन्यथा सततच्या ओलाव्याने संसर्ग बळावतात.

बंदिवासातील शॅमेलिऑनच्या आजारांत हाडांचा चयापचयी आजार नेहमी आढळतो. याच्या मुळाशी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचा अभाव असतो. त्वचेवर अतिनील किरणांचा ‘ब’ पट्टा पडल्याखेरीज शरीरात ड-३ जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही, आणि त्याविना आहारातील कॅल्शियम शोषले जात नाही. मग शरीर हाडांतील कॅल्शियम वापरू लागते. प्रारंभी पकड सैल होते, फांदी चुकते, जिभेचा नेम हुकतो. पुढे पाय धनुष्यासारखे वाकतात, जबडा मऊ पडतो, अंगाला कंप सुटतो आणि साध्या हालचालीनेही हाड मोडू शकते. वाकलेली हाडे पुन्हा सरळ होत नाहीत, परंतु वेळेवर उपचार सुरू झाल्यास आजार थांबविता येतो.

येथे दोन चुका वारंवार होतात. पहिली म्हणजे खिडकीच्या काचेतून येणारे ऊन पुरेसे मानणे. साधी काच ‘ब’ पट्ट्यातील अतिनील किरण बव्हंशी अडवते. दुसरी चूक दिव्याबाबतची. अतिनील किरण देणारा खास दिवा डोळ्यांना लखलखीत दिसत असला, तरी त्यातून निघणारे अदृश्य किरण काही महिन्यांत क्षीण होतात. म्हणून दिव्याच्या प्रकारानुसार साधारण ६ ते १२ महिन्यांनी तो बदलावा लागतो. आहारातील किड्यांवर कॅल्शियमची भुकटी लावणे आणि ते किडे देण्यापूर्वी त्यांना स्वतःला सकस खाद्य खाऊ घालणे हेही आवश्यक आहे. काजवे मात्र कदापि देऊ नयेत. उत्तर अमेरिकेतील काही काजव्यांच्या शरीरातील विषद्रव्ये सरड्यांचे प्राण घेऊ शकतात.

मादी तळाशी उतरली तर

निरोगी शॅमेलिऑन उंच जागा पसंत करतो. तो तळाशी आढळणे सहसा चिंताजनक असते, परंतु मादीच्या बाबतीत याला एक महत्त्वाचे कारण असू शकते. वेल्ड शॅमेलिऑनची मादी नराचा सहवास नसतानाही अफलित अंडी घालते, आणि वयाच्या अवघ्या काही महिन्यांतच ही वेळ येऊ शकते. अस्वस्थपणे फिरणे, भूक मंदावणे, पोट भरलेले दिसणे, गडद हिरव्या त्वचेवर निळे-पिवळे ठिपके उमटणे आणि तळ उकरणे ही त्याची पूर्वचिन्हे.

मादीला सुमारे ३० सेंटिमीटर खोल, ओलसर आणि बीळ न ढासळणारी माती-वाळू उपलब्ध करून द्यावी. खोदकाम चालू असताना कोणी पाहत असल्याची जाणीव झाली, तर ती काम अर्धवट सोडते. म्हणून पिंजरा झाकून तिला एकांत द्यावा. एका वेळी २० ते ७० आणि प्रसंगी त्याहून अधिक अंडी होतात. योग्य जागा न मिळाल्यास किंवा कॅल्शियम अपुरे असल्यास अंडी पोटातच अडकतात. पूर्वचिन्हे दिसल्यानंतर मादी क्षीण होऊन डोळे मिटू लागली, तर ही तातडीची अवस्था असून विलंब जिवावर बेततो.

काय करावे, काय टाळावे

वर्तनात बदल जाणवताच प्रथम तापमान, ओलावा, दिव्याचे वय आणि पाण्याची सोय तपासावी. प्रौढ प्राण्याने एखाद्या दिवशी खाणे टाळले, परंतु डोळे सतेज, पकड घट्ट आणि विष्ठा नेहमीसारखी असेल, तर दोन-तीन दिवस निरीक्षण पुरेसे आहे. पिलांच्या बाबतीत मात्र एवढी वाट पाहू नये. दिवसा डोळे मिटलेले राहणे, फांदीवरून पडणे, जीभ तोंडाबाहेर लटकणे, पायाला सूज किंवा वाकडेपणा आणि श्वास घेताना होणारा त्रास, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यकाकडे जावे.

नेताना हवा खेळती असलेल्या खोक्यात पकडण्यासाठी एक फांदी बसवावी. खोके झाकावे, ऊन व थंड वारा टाळावा. स्वच्छ डबीत ताजी विष्ठा सोबत घ्यावी, कारण पोटातील जंतांचे निदान तिच्या तपासणीवरून होते. पिंजऱ्याची आणि दिव्यांची छायाचित्रे डॉक्टरांना कारण शोधण्यास मदत करतात. माणसांसाठीची औषधे देणे, बळजबरीने भरविणे किंवा जीवनसत्त्वांचा मारा करणे टाळावे. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने डोळे सुजतात हे खरे, परंतु त्याचे आधिक्यही विषारी ठरते.

सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे एक साधी वही. दर आठवड्याला स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर घेतलेले वजन, खाल्लेले किडे, विष्ठेचा रंग आणि कात टाकल्याची तारीख एवढी नोंद ठेवली, तरी डोळ्यांना न जाणवणारी घसरण आकड्यांतून आधी दिसते. प्राणी हाताळल्यानंतर साबणाने हात धुणेही अगत्याचे आहे. सरपटणारे प्राणी निरोगी दिसत असले, तरी त्यांच्याकडून साल्मोनेला जिवाणूंचा संसर्ग होऊ शकतो. पाच वर्षांखालील मुले आणि वृद्ध यांना त्याचा धोका अधिक असतो.

भारतातील कायदेशीर स्थिती

भारतात शॅमेलिऑनची एकच जात आढळते. महाराष्ट्रासह द्वीपकल्पाच्या मोठ्या भागात आणि श्रीलंकेत तिचा वावर आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये तिला संरक्षण असून, ती पकडणे, घरी बाळगणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. विदेशी जातींपैकी वेल्ड आणि पँथर शॅमेलिऑन हे दोन्ही वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समाविष्ट आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या कराराच्या तरतुदी भारतीय कायद्यात अंतर्भूत झाल्या, आणि २०२४ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार अशा प्राण्यांची ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी करणे बंधनकारक आहे. जन्म, मृत्यू आणि हस्तांतरणाची माहितीही कळवावी लागते.

शेताच्या कुंपणावर किंवा बागेत झुलत चाललेला घोयरा दिसल्यास त्याला पिंजऱ्यात ठेवण्याचा मोह टाळावा. तो विषारी नाही आणि माणसाला त्याच्यापासून अपाय होत नाही. रस्त्याच्या मध्यभागी असल्यास त्याला काठीवर चढू देऊन जवळच्या झाडावर सोडावे. जखमी आढळल्यास वन विभागाच्या नजीकच्या कार्यालयाला कळवावे. ज्यांच्याकडे कायदेशीररीत्या नोंदविलेला विदेशी शॅमेलिऑन आहे, त्यांनी मात्र रोज सकाळी काही मिनिटे पिंजऱ्यासमोर शांतपणे थांबून त्याचे डोळे, पकड आणि रंग न्याहाळावेत. बोलू न शकणाऱ्या या जीवाची तक्रार याच तीन ठिकाणी प्रथम उमटते.