आपोआप बसणारा पट्टा
अमेरिकेच्या मोटार-सुरक्षा नियमावलीतील २०८ क्रमांकाच्या मानकानुसार, प्रवाशाने स्वतः काहीही न करता जो पट्टा त्याच्या अंगावर येतो तोच ‘स्वयंचलित’ ठरतो. मग तो दाराला जखडलेला असो वा विजेच्या मोटारीने खिडकीवरील रुळातून सरकणारा असो. खरा वाद माजला तो सोडता येणाऱ्या पट्ट्यावरून, कारण एकदा सोडलेला पट्टा पुन्हा हातानेच लावावा लागतो. तथापि एवढ्या सबबीवर, पर्यायांचा पुरेसा विचार न करता, स्वयंचलित संरक्षणाची सक्तीच रद्द करणे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये मनमानीचे ठरवले. गंमत अशी, की रुळावरील पट्टा खांद्यापुरताच स्वयंचलित असे. कमरेचा पट्टा हाताने लावायचा, आणि तो पुष्कळांच्या विस्मरणात जाई. १९९१ च्या कायद्याने एअरबॅगची सक्ती येताच हा प्रकार लयास गेला.