पदवी कुठल्या विषयाची आणि कुणाच्या हातात?

अमेरिकेत विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या क्षेत्रांतल्या नोकऱ्यांत निम्म्या स्त्रिया आहेत. प्यू रिसर्च सेंटरच्या 2021च्या अहवालातला हा आकडा ऐकून बरं वाटतं, पण तो उलगडून पाहायला हवा. या मोजणीत आरोग्यसेवाही धरली आहे आणि तिथे 74 टक्के स्त्रिया आहेत. संगणकाच्या नोकऱ्यांत त्या 25 टक्के, तर अभियांत्रिकीत अवघ्या 15. वंशाचं चित्रही असंच विषम आहे. एकूण नोकरदारांत 11 टक्के असलेले कृष्णवर्णीय या क्षेत्रांत 9 टक्के आहेत. हिस्पॅनिक तर 17चे थेट 8. आशियाई मात्र 6 टक्के असून इथे 13. आपल्याकडून तिकडे नोकरीला गेलेले भाचे-पुतणे यातच येतात.

‘ज्याची त्याची आवड’ म्हणून विषय संपवणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. 1984 साली तिथे संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांत 37 टक्के मुली होत्या. पुढे हे प्रमाण 18 टक्क्यांपर्यंत घसरलं. पाव शतकात मुलींची आवड निम्म्यावर कशी येईल? त्याच सुमारास घरगुती संगणक बाजारात आले आणि जाहिरातींत ते मुलग्यांचं खेळणं ठरले. मुलगे कॉलेजात येतानाच प्रोग्रॅमिंग शिकून येऊ लागले, प्राध्यापकही तेवढं येतं असं धरूनच शिकवू लागले. पहिल्यांदाच संगणकापुढे बसणारी हुशार मुलगी पहिल्याच सत्रात ‘हे आपल्याला जमणार नाही’ असं समजून बसली.

कार्नेगी मेलन विद्यापीठात जेन मार्गोलिस आणि अ‍ॅलन फिशर यांनी विद्यार्थ्यांशी बोलून नेमकं हेच टिपलं. मग प्रवेशात आधीच्या प्रोग्रॅमिंगला दिलं जाणारं वजन कमी झालं, नवख्यांसाठी वेगळी सुरुवात आखली गेली. तिथे संगणकशास्त्राला प्रवेश घेणाऱ्यांत 1995मध्ये 7 टक्के मुली होत्या, त्या 2000 साली 42 टक्के झाल्या. कॅलिफोर्नियातल्या हार्वी मड कॉलेजनेही पुढे पहिल्या अभ्यासक्रमात जावाऐवजी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणली, सरावलेल्यांची तुकडी वेगळी केली. तिथेही मुलींचा टक्का काही वर्षांतच कितीतरी वाढला.

वंशाची दरी मात्र कॉलेजच्या आधीच पडलेली असते. अमेरिकी शिक्षण खात्याच्या 2015-16च्या पाहणीत निम्म्या हायस्कुलांत कॅल्क्युलस शिकवलं जात होतं. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं जास्त असलेल्या हायस्कुलांत हे प्रमाण 38 टक्केच होतं. ज्या शाळेत तो वर्गच भरत नाही, तिथल्या मुलाने अभियांत्रिकी ‘निवडली नाही’ असं म्हणणं सरळसरळ अन्याय आहे.