संपवाल्यांचे सरकार

मी शाळा सोडली नववीत. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या गेटवर, लेबर कोर्टाच्या बाकावर आणि आपल्या नगर वाचनालयात. तेव्हा या व्याख्यानमालेत विद्वानांच्या पंक्तीला मला बसवले, हा चालकांचा मोठेपणा. विषय दिला होता ‘नव्या प्रजासत्ताकाच्या पहिल्या सरकारपुढील अडचणी’. तो फार मोठा आहे. मी त्यातला एकच देश निवडला, आणि तोही एका स्वार्थी कारणाने: त्या देशाचे पहिले सरकार युनियनवाल्यांचे होते. त्या दिवशी वेळेअभावी जे राहून गेले तेही येथे घातले आहे.

देश आहे पश्चिम आफ्रिकेतील गिनी. गिनी नावाचे देश एकाहून अधिक आहेत, म्हणून खूण सांगतो: राजधानी कोनाक्री. आकाराने हा देश आपल्या महाराष्ट्राच्या सुमारे चार-पंचमांश. त्याच्याच डोंगरांत नायजर नदी उगम पावते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे फ्रेंचांचा अंमल बसला. सामोरी तुरे नावाचा एक सरदार त्यांच्याशी वर्षानुवर्षे झुंजला आणि १८९८ साली पकडला गेला. त्याच्याशी आपले नाते सांगणारा सेकू तुरे हा टपाल खात्यात कारकून होता. १९४५ साली त्याने टपाल कामगारांची युनियन उभी केली, आणि पुढे तेरा वर्षांत तो देशाचा पहिला राष्ट्रपती झाला.

त्याचे नाव झाले १९५३ च्या संपात. तो संप सांगितल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. १९५२ च्या डिसेंबरात फ्रेंच पार्लमेंटने वसाहतींसाठी कामगार कायदा केला व आठवड्याचे काम चाळीस तासांवर आणले. कागदावर हा कामगारांचा विजय दिसतो. पण पूर्वी काम होते अठ्ठेचाळीस तास, आणि मजुरी होती तासावर. तास आठ कमी झाले, दर तोच राहिला, म्हणजे आठवड्याचा पगार एक-षष्ठांशाने खाली आला. पगार होता तेथे आणायचा तर तासाचा दर वीस टक्के वाढवणे भाग होते. अठ्ठेचाळीसला चाळीसने भागून पाहा, हिशेब सरळ आहे. मागणी तेवढीच होती. मालकांनी व सरकारने ती नाकारली, आणि सप्टेंबरात सुरू झालेला संप दोन महिन्यांहून अधिक चालला. शेवटी वीस टक्के मिळाले.

इतके दिवस माणसे तगली कशी? ज्याने संप केला आहे त्याच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो. उत्तर असे की खेड्यांतून तांदूळ आला. बायांनी तो गोळा केला, डोक्यावरून वाहून आणला, शिजवला आणि वाढला. मजूर मूठभर आणि देश शेतकऱ्यांचा. त्या तांदळामुळे मजुरांचा संप साऱ्या देशाचा झाला. युनियनचे सभासद पुढच्या दोन वर्षांत कित्येक पटींनी वाढले, आणि तुरेच्या पक्षाला गावोगाव पाय मिळाले.

१९५७ च्या मार्चमध्ये त्या पक्षाने प्रांतिक विधानसभेच्या साठपैकी छप्पन्न जागा जिंकल्या. फ्रेंचांच्या वतीने कर वसूल करणाऱ्या मुखियांची पदे त्यांनी वर्षअखेर रद्द करून टाकली. आपल्याकडील वतने जाण्यासारखीच ती गोष्ट. मग १९५८ साली द गॉल यांनी सार्वमत मांडले. फ्रेंच समुदायात राहायचे तर ‘होय’ म्हणा, ‘नाही’ म्हणाल तर स्वातंत्र्य घ्या आणि परिणामही घ्या. २५ ऑगस्टला ते स्वतः कोनाक्रीला आले, तेव्हा तुरेने त्यांच्या तोंडावर सांगितले की गुलामीतल्या सुबत्तेपेक्षा आम्हांला गरिबीतले स्वातंत्र्य बरे. २८ सप्टेंबरला मते पडली. ‘नाही’ची अकरा लाखांहून अधिक, ‘होय’ची साठ हजारांच्या आत. फ्रेंच आफ्रिकेतल्या सर्व प्रांतांत असे उत्तर एकट्या गिनीने दिले. २ ऑक्टोबरला प्रजासत्ताक जाहीर झाले.

आणि लगेच परिणाम सुरू झाले. फ्रान्सने मदत थांबवली व आपली माणसे परत बोलावली. नव्या सरकारपुढील अडचण म्हटली की आपण घटना, सीमा, परराष्ट्रधोरण असे मोठे शब्द वापरतो. गिनीत पहिली अडचण अशी होती की कचेरीत गेले तर फाइल नाही आणि भिंतीवरचा टेलिफोन उपटून नेलेला. डॉक्टर गेले, इंजिनियर गेले, मास्तर गेले. कारखाना चालवणे म्हणजे काय हे ठाऊक असलेल्या माणसाने क्षणभर कल्पना करावी. मॅनेजर गेला तर चालते (कधीकधी बरेही चालते), पण स्टोअरकीपर, टाइमकीपर आणि ड्रॉइंगची कपाटे एका आठवड्यात नाहीशी झाली तर पाळी कशी सुरू करायची? सोडून जाणाऱ्यांचा हेतूही तोच होता. ‘नाही’ म्हणणाऱ्याचे काय होते, हे इतरांनी पाहावे.

तरीही गिनी कोसळली नाही. घानाच्या न्क्रुमांनी नोव्हेंबरात एक कोट पौंडांचे कर्ज जाहीर केले. १२ डिसेंबरला गिनीला संयुक्त राष्ट्रांत जागा मिळाली. आणि मला सर्वांत भावते ती गोष्ट म्हणजे मास्तर आले. शाळा ओस पडल्या असे ऐकून इतर आफ्रिकी देशांतले शिकलेले तरुण आपण होऊन कोनाक्रीला आले. इतिहासकार जोझेफ की-झेर्बो आले, कवी दाविद दियोप आले. काही डावे फ्रेंच शिक्षकही आपल्या सरकारचा रोष पत्करून शिकवत राहिले. खेड्यांतल्या लोकांनी श्रमदानाने रस्ते केले, शाळा बांधल्या. त्याला सरकारने ‘मानवी गुंतवणूक’ असे जडशीळ नाव दिले. पहिल्या वर्षी लोक गाणी म्हणत येत. पुढे हजेरी घेऊ लागले तसतशी गाणी कमी झाली.

पैशाच्या बाबतीत सरकार काही ठिकाणी शहाणे होते, काही ठिकाणी उतावीळ. गिनीच्या पोटात बॉक्साइटचा प्रचंड साठा आहे. ॲल्युमिनियम होते ते या दगडापासून. फ्रिया येथील परदेशी कंपन्यांचा ॲल्युमिनाचा कारखाना १९६० साली सुरू झाला. भाषणे कितीही जहाल असली तरी सरकारने त्याला हात लावला नाही, कारण परकीय चलन तेथूनच येणार होते. उलट व्यापार मात्र सरकारी महामंडळाकडे घेतला. आयात, निर्यात, घाऊक विक्री, सारे. दुकान चालवायला हिशेबनीस लागतात, आणि देशात ते नव्हतेच. माल बंदरात पडून राही आणि बाजारात सुई मिळत नसे. १ मार्च १९६० रोजी स्वतःचे चलन काढले. ते सीमेपलीकडे कोणी घेईना. मग शेतकरी आपली कॉफी आणि गुरे रातोरात शेजारच्या देशात नेऊन विकू लागले. भरीस भर म्हणून फ्रेंच हेरखात्याने त्या चलनाच्या खोट्या नोटा छापून देशात सोडल्या. ही गिनी सरकारची नुसती ओरड नव्हती. त्या खात्यातल्या माणसांनीच पुढे हे कबूल केले. एप्रिल १९६० मध्ये सरकारने कट उघडकीस आल्याचे जाहीर केले, तेव्हा त्यात तथ्य मुळीच नव्हते असे म्हणता येत नाही.

एवढे सगळे मी अशासाठी सांगितले की, यापुढे जे सांगायचे आहे ते ऐकताना वाचकाने सरकारच्या बाजूचा न्याय विसरू नये. शत्रू खरे होते.

सरकारात आल्यावर तुरेने युनियनविषयी नवा सिद्धान्त मांडला. परक्यांच्या सरकारविरुद्ध संप हे हत्यार, पण आपल्याच लोकांचे सरकार असताना संप कोणाविरुद्ध करणार? युनियनने आता उत्पादन वाढवावे, पक्षाचा निरोप मजुरांपर्यंत न्यावा. ऐकायला हे बिनतोड वाटते. आपल्याकडेही स्वातंत्र्यानंतर चारच महिन्यांनी, डिसेंबर १९४७ मध्ये, सरकार, मालक आणि कामगार यांच्या परिषदेने तीन वर्षांच्या औद्योगिक शांततेचा ठराव केला होता. फरक एवढाच की ठराव होऊनही येथे संप झाले. मुंबईच्या गिरण्या १९५० साली दोन महिने बंद होत्या. धरपकड झाली, लाठ्या चालल्या, कामगार हरले. पण युनियन उरली, वर्तमानपत्रे उरली, कोर्ट उरले. गिनीत पक्ष एक, युनियन एक, आणि दोन्हींचा शब्द एकाच माणसाचा.

त्याची परीक्षा १९६१ च्या नोव्हेंबरात झाली. नव्या वेतनश्रेणीत आपले नुकसान होते, असे शिक्षकांच्या संघटनेला वाटले. त्यांनी काय केले? दगड मारला नाही, संपही पुकारला नाही. एक निवेदन लिहिले आणि ते वाटले. आमच्या भाषेत मागणीपत्र. सरकारने त्यांच्या पुढाऱ्यांना अटक केली, पक्षाच्या खास न्यायासनापुढे उभे केले आणि राज्य उलथण्याच्या कटाच्या आरोपावरून पाच आणि दहा वर्षांच्या शिक्षा ठोठावल्या. शिक्षा झालेल्यांत संघटनेचे चिटणीस कूमांदियाँ केता होते. पक्षाच्या संस्थापकांपैकी एक, रे ओत्रा, होते. आणि जिब्रिल तामसिर नियान होते, ज्यांनी आदल्याच वर्षी सुन्दियाता राजाची लोककथा पुस्तकरूपाने छापून साऱ्या आफ्रिकेला दिली होती. विद्यार्थी मास्तरांसाठी रस्त्यावर आले, तेव्हा शाळा बंद करून मुलांना गावी पाठवले. डिसेंबरात सोव्हिएत राजदूतालाही, या गडबडीमागे तुमचाच हात आहे म्हणून, देशाबाहेर काढले.

हे मी प्रथम वाचले तेव्हा मला तुरेचा संताप आला नाही. लाज वाटली. त्याचे कारण घरचे आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या युनियनच्या पॅनेलने कामगारांची पतपेढी निवडणुकीत जिंकली. मी अध्यक्ष झालो. आधीच्या मंडळींनी वह्यांचा गोंधळ करून ठेवला होता, थकबाकी डोंगराएवढी होती, बाहेर पडलेले लोक आमचे वाटोळे कधी होते याची वाट पाहत होते. अशात पेढीतल्या पाच कारकुनांनी अर्ज दिला: आठ वर्षे पगारवाढ नाही, ती द्यावी. अर्ज हातात घेतल्यावर मी स्वतःशी पहिले वाक्य काय म्हणालो असेन? ‘यांच्या मागे कोण आहे?’ हेच वाक्य तीस वर्षे मी मॅनेजरांच्या तोंडून ऐकले आणि त्यावर गेटसभेत हशा मिळवला. मी तो अर्ज खणात टाकला. चार महिने तो तेथेच होता. पाचांपैकी सर्वांत धाकटा मुलगा नोकरी सोडून गेला, आणि जाताना म्हणाला, “काका, तुमच्या संपात माझ्या आईनं घरोघरी पीठ मागितलं होतं.” मग आम्ही वाढ दिली. तो परत आला नाही.

माझ्या हाती पोलीस नव्हते, तुरुंग नव्हता, म्हणून खणावर भागले. तुरेच्या हाती दोन्ही होते, आणि एकदा चाललेली गोष्ट पुन्हा चालवणे सोपे जाते. १९६१ नंतर गिनीत जवळजवळ प्रत्येक अडचणीला एक कट सापडू लागला. कधी तो खराही असे. नोव्हेंबर १९७० मध्ये पोर्तुगीजांनी कोनाक्रीवर समुद्रातून खरोखरच हल्ला केला. पण त्यानंतर पकडलेल्यांत हल्लेखोर किती आणि नुसते नकोसे झालेले किती, हे सांगणारे कोर्ट उरले नव्हते. बोइरो छावणीच्या तुरुंगात हजारो माणसे गेली. गृहखाते सांभाळलेले केता फोदेबा १९६९ साली त्या कोठड्यांतूनच मृत्यूकडे गेले. आफ्रिकी एकता संघटनेचे पहिले सरचिटणीस दियालो तेली यांना १९७७ साली तेथे अन्नपाण्यावाचून मारले.

त्याच १९७७ च्या ऑगस्टात कोनाक्रीच्या बाजारातल्या बाया उठल्या. खाजगी विक्रीला बंदी होती, ‘आर्थिक पोलीस’ टोपल्या तपासत आणि माल हिसकावून घेत. त्या बाया चालत थेट राष्ट्रपतींच्या वाड्यावर गेल्या. तुरेने त्यांना भाषण ऐकवण्याचा प्रयत्न केला, त्यांनी तो ओरडून बंद पाडला. पुढे सैनिकांनी गोळ्या झाडल्या, काही मेल्या. तरी शेवटी बाजार उघडावा लागला, किरकोळ विक्रीला परवानगी द्यावी लागली. १९५३ च्या संपाला तेव्हा चोवीस वर्षे झाली होती. त्या गर्दीतल्या थोराड बायांपैकी काहींनी तेव्हा तरुणपणी संपवाल्यांसाठी डोक्यावर तांदूळ वाहिला असणार.