आपलं घर बांधताना (लेखांक ९) : स्लॅबचं पाणी

सेंट्रिंग झालं, सळई बांधून झाली, इंजिनिअरने येऊन तपासली, कव्हर ब्लॉक बसले. आता स्लॅबचा दिवस. सकाळी नारळ फुटतो, मिक्सर सुरू होतो, घमेल्यांची रांग लागते आणि घरमालक माणसांच्या चहा-नाश्त्यात गुंततो. चहाचं काम घरातल्या कुणाकडे तरी सोपवा आणि तुम्ही दिवसभर मिक्सरपाशी उभे राहा. तिथे एकाच गोष्टीवर नजर ठेवायची, ती म्हणजे पाणी.

सिमेंट कुठल्या कंपनीचं घ्यायचं याची आपण महिनाभर चौकशी करतो. वाळू चोळून बघतो, सळईचं वजन करून घेतो. पाणी मात्र पाइपने येतं आणि मिस्त्रीच्या अंदाजाने पडतं. सिमेंट वाळून घट्ट होतं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात त्याची पाण्याशी रासायनिक क्रिया होते आणि त्यातून ते दगडासारखं होतं. या क्रियेत सिमेंटच्या वजनाच्या साधारण पाव भाग पाणी कायमचं बांधलं जातं. म्हणजे ५० किलोच्या गोणीला जेमतेम साडेबारा लिटर. बाकीचं पाणी माल पसरता यावा म्हणून घालावं लागतं. त्यातलं गरजेपेक्षा जास्तीचं पुढे उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक बारीक पोकळ्या राहतात. पावसाचं पाणी याच वाटेने सळईपर्यंत पोचतं.

म्हणून आयएस ४५६ या भारतीय मानकात पाण्याला मर्यादा घातली आहे. साध्या हवामानातल्या एम २० आरसीसी कामाला सिमेंटच्या वजनाच्या ०.५५ पटीपर्यंत, म्हणजे गोणीला साडेसत्तावीस लिटर. कोकणात खाऱ्या वाऱ्याजवळ घर असेल तर पाणी याहून कमी आणि काँक्रीट वरच्या प्रतीचं लागतं, ते इंजिनिअरकडून लिहूनच घ्या. वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणीही या हिशेबात धरायचं.

हे साइटवर मोजायचं कसं? रंगाची वीस लिटरची रिकामी बादली घ्या. आदल्या दिवशी लिटरच्या मापाने तेरा लिटर पाणी ओतून तिथे आतून बाहेरून रंगाची ठळक रेघ मारा. एका गोणीला रेघेपर्यंत दोन बादल्या, आणि मिक्सरवरचा पाइप बाजूला.

दुपारपर्यंत वरून हाक येणारच, "दादा, माल लय घट्ट हाय, सरकंना." हाक मारणारा खोटं बोलत नसतो. घट्ट माल उन्हात ओढायचा म्हणजे हात भरून येतात. त्याला नुसतं नाही म्हणू नका, सोय करून द्या. व्हायब्रेटर चालू स्थितीत हवा, शक्यतो जोडीला दुसरा हवा. इंजिनिअरला विचारून प्लॅस्टिसायझर मोजून घातला, तर पाणी न वाढवता माल मऊ होतो. जेवणाच्या सुट्टीत पडून घट्ट झालेला माल मात्र पाणी मारून, ढवळून पुन्हा वापरू देऊ नका. तो टाकून द्यावा लागला तरी चालेल.

आमच्या घराचा मागचा सज्जा सगळ्यात शेवटी, दिवेलागणीला भरला. सगळे थकले होते, मीही. पाइप पुन्हा मिक्सरमध्ये गेलेला मी पाहिला आणि काही बोललो नाही. पुढे स्लॅबवर रोज पाणी साचवलं, पण त्या टोकापर्यंत नळी पोचत नव्हती. तिसऱ्या पावसाळ्यात सज्जाच्या खालून तांबूस रेघ दिसली. बोटाने टोकरलं तर पापुद्रा हातात आला आणि आत गंजलेली सळई. बाकीच्या स्लॅबला आजवर काही झालेलं नाही. सिमेंट, वाळू, खडी, माणसं सगळं तेच होतं.

एकदा स्लॅब भरला की हिशेब उलटा. आता पाणी हवं तेवढं द्या. ऊन-वारा असेल तर पहिल्या रात्री ओलं गोणपाट किंवा प्लॅस्टिक अंथरा, नाहीतर पृष्ठभाग तडकतो. दुसऱ्या दिवशी कच्च्या मालाची दोन इंच उंचीची आळी घालून पाणी साचवा. मानकात साध्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटला किमान १० दिवस सांगितले आहेत. कोरड्या उन्हाळी हवेत ते १० आणि १४ होतात. घरबांधणीला दुकानात बहुतेक वेळा पीपीसी मिळतं, गोणीवर तसं छापलेलं असतं. त्यात औष्णिक वीज केंद्रातली राख असते. तिची क्रिया सावकाश चालते, म्हणून ओल जास्त दिवस टिकवावी लागते. १४ दिवस धरूनच चला. कॉलमवर पाणी साचत नाही, त्यांना गोणपाट गुंडाळून ते सकाळ-संध्याकाळ भिजवा. सज्जे आणि जिन्याचं टोक विसरू नका, लांब नळी आधीच आणून ठेवा.

या दिवसांत ठेकेदार सेंट्रिंग काढायची घाई करेल, कारण प्लेटा त्याला दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात. टेकू कधी, कुठून आणि कोणत्या क्रमाने काढायचे, ते पुढच्या आठवड्यात पाहू. तोवर एकही टेकू हलू देऊ नका.