पिसू-भुंगेऱ्यांचे गोत्र आणि नाव

मुळ्याच्या किंवा मोहरीच्या कोवळ्या पानांवर बारीक छर्रे मारावेत तशी गोल गोल छिद्रे दिसली, की ते पान हळूच उलटून पाहावे. जेमतेम दोन मिलिमीटर लांबीचा, काळसर, निळी-हिरवी झाक असलेला एखादा किडा तेथे बसलेला असतो. बोट जवळ नेताच तो दिसेनासा होतो. बहुतेक वेळा तो पंखांनी उडून गेलेला नसतो, त्याने उडी मारलेली असते. पिसवेसारख्या या उडीमुळे अशा किड्यांना पिसू-भुंगेरे म्हणतात. पिसू आणि हे भुंगेरे यांचे नाते मात्र उडीपुरतेच आहे. पिसू रक्त पिते आणि तिचा गण वेगळा. पिसू-भुंगेरे पक्के शाकाहारी असून त्यांचा समावेश ढालपंखी कीटकांच्या गणात, पर्णभुंगेऱ्यांच्या क्रायसोमेलिडी या कुलात होतो. या कुलात ३५,००० हून अधिक जाती आहेत. त्यांपैकी सुमारे ८,००० जाती पिसू-भुंगेऱ्यांच्या असून त्या ५०० हून अधिक प्रजातींत विभागलेल्या आहेत.

पुढे जाण्यापूर्वी शब्दांचा घोळ मिटवू या. वर्तमानपत्रांत हल्ली 'वाघ ही दुर्मिळ प्रजाती' असे सर्रास छापून येते. आपण मात्र शालेय पुस्तकांतील अर्थच घेऊ: जाती हा लहान गट, आणि परस्परांशी निकटचे नाते असलेल्या जातींचा मिळून होणारा मोठा गट म्हणजे प्रजाती. शास्त्रीय नावातील पहिला शब्द प्रजातीचा आणि दुसरा जातीचा. मोहरीवरच्या आपल्या किड्याचे नाव फायलोट्रेटा क्रुसिफेरी. यातील 'फायलोट्रेटा' हे नाव त्याच्या अनेक भावंडांनाही लागते, 'क्रुसिफेरी' त्याचे एकट्याचे.

लिनियसने १७५८ साली प्राण्यांची जी यादी प्रसिद्ध केली, तीत पिसू-भुंगेऱ्यांना स्वतंत्र प्रजाती नव्हती. 'क्रायसोमेला' या अगडबंब प्रजातीतच 'उड्या मारणारे, मागच्या मांड्या फार जाड असलेले' असा एक पोटविभाग करून त्याने त्यांना तेथे बसवले होते. चारच वर्षांनी, १७६२ मध्ये, एत्येन-लुई जॉफ्रॉय या फ्रेंच वैद्याने पॅरिसच्या परिसरातील कीटकांवर ग्रंथ लिहिला आणि या उड्या मारणाऱ्यांना वेगळे काढून 'आल्टिका' हे नाव दिले. उडी मारण्यात पटाईत अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते घेतलेले आहे. त्या ग्रीक शब्दाच्या आरंभी 'ह'चा उच्चार आहे आणि जॉफ्रॉयने तो लिहिला नव्हता. पुढच्या पिढीतील जर्मन कीटकशास्त्रज्ञ इलिगर यांना हे खटकले आणि त्यांनी 'हाल्टिका' असे सुधारून लिहिले. भाषेच्या दृष्टीने त्यांचे बरोबरच होते. पण नामकरणाचे नियम व्याकरणाच्या शुद्धतेपेक्षा मूळ लेखनाला मान देतात, म्हणून आजच्या सूचींत 'आल्टिका' असेच नाव असते. आपल्याकडील जुन्या कृषिग्रंथांत 'हाल्टिका' आढळले, तर तो वेगळा किडा समजू नये.

या नावाची कथा एवढ्यावर संपत नाही. जॉफ्रॉयने जातींना लिनियसच्या पद्धतीने दोन शब्दांची नावे दिलेली नव्हती. या कारणावरून प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९५४ साली त्याचा ग्रंथच नामकरणासाठी अग्राह्य ठरवला. तोवर त्या ग्रंथातील कितीतरी प्रजातिनामे जगभर रूढ झाली होती! अखेर १९९४ साली आयोगाने त्यांतील निवडक नावे जतन करण्याचा निर्णय दिला. नियम कडक आहेत, पण नावे वापरणाऱ्यांची सोय पाहण्याइतके शहाणपणही त्यांच्यात आहे.

आता उडीकडे वळू. इतक्या छोट्या प्राण्याला इतकी लांब उडी केवळ स्नायूंच्या बळावर मारता येत नाही, कारण स्नायू पुरेशा झटक्याने आकुंचन पावू शकत नाहीत. या किड्यांच्या मागच्या मांड्या चांगल्याच फुगीर असतात. त्या फुगीर मांडीत कायटिनयुक्त टणक द्रव्याची, वळण घेतलेली एक स्प्रिंग असते. स्नायू हळूहळू आकुंचन पावून ताण साठवतात आणि तो एकदम सुटला की पाय झटक्यात सरळ होतो. गलोलीचे रबर ताणायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी कमी वेळात दगड सुटतो, तसेच हे. या अवयवाची रचना १९२९ साली समरेंद्र मौलिक यांनी लंडनमध्ये वर्णिली, म्हणून त्याला 'मौलिकचा अवयव' असेही म्हणतात. ब्रिटिश म्युझियममध्ये काम करणाऱ्या या भारतीय शास्त्रज्ञाने 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या ग्रंथमालेत पर्णभुंगेऱ्यांवर तीन खंड लिहिले. त्यांपैकी १९२६ चा खंड पिसू-भुंगेऱ्यांवरही आहे आणि आजही आम्हाला तो हाताशी ठेवावा लागतो. अनेक भारतीय प्रजातींचा अभ्यास त्या खंडापासूनच सुरू होतो.

मग ज्याच्या मांडीत स्प्रिंग तो पिसू-भुंगेरा, अशी सोपी व्याख्या करून मोकळे का होऊ नये? फार काळ तसेच केले जात असे, आणि पिसू-भुंगेऱ्यांना एका स्वतंत्र उपकुलाचा दर्जा होता. अडचण अशी, की गॅलेरुसिनी या शेजारच्या उपकुलाशी त्यांचे इतर सर्व बाबतींत विलक्षण साम्य आहे. दोघांच्याही शृंगिकांची मुळे डोक्यावर अगदी जवळजवळ असतात. काही प्रजाती तर अशा, की त्यांना या घरात बसवावे की त्या घरात, यावर तज्ज्ञांची वर्षानुवर्षे वादावादी चालली. गेल्या काही दशकांत डी.एन.ए.च्या क्रमांची तुलना होऊ लागल्यावर उडी मारणारे आणि न मारणारे यांच्या वंशवृक्षाच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या आढळल्या. काही अभ्यासांनुसार तर स्प्रिंग एकापेक्षा अधिक वेळा स्वतंत्रपणे निर्माण झाली असावी. हे अशक्य नाही, कारण काही सोंडकिड्यांच्या मांडीतही अशी स्प्रिंग सापडते आणि सोंडकिडे तर वेगळ्याच कुलातले. आज बहुतेक शास्त्रज्ञ पिसू-भुंगेऱ्यांना गॅलेरुसिनी उपकुलातील एक विभाग मानतात. पक्षी, वटवाघूळ आणि फुलपाखरू यांना पंखांवरून एका गटात घालू नये हे आपण सातवीच्या मुलांना सांगतो. येथे प्रश्न तोच आहे, फक्त प्राणी इतके सारखे आहेत की चूक चटकन लक्षात येत नाही.

वरच्या पायऱ्यांवरचे हे वाद शेतकऱ्यापर्यंत फारसे पोचत नाहीत. प्रजातीच्या पातळीवर मात्र नाव बदलले की त्याचे पडसाद थेट शेतात उमटतात. मिऱ्यांच्या 'पोल्लु' किडीचे उदाहरण घेऊ. केरळमधील मिरीच्या वेलांवर या भुंगेऱ्याच्या अळ्या कोवळ्या मिऱ्यांत शिरून आतला गर खातात. दाणा वरून शाबूत दिसतो, पण आतून पोकळ होऊन वाळतो. मलयाळममध्ये पोल्लु म्हणजे पोकळ. कितीतरी दशके कृषिवाङ्मयात या किडीचे नाव 'लॉन्जिटार्सस निग्रिपेनिस' असे दिले जात होते. लॉन्जिटार्सस ही पिसू-भुंगेऱ्यांतील सर्वांत मोठी प्रजाती. मागच्या पायाच्या पावलाचा पहिला खंड फार लांब असणे ही तिची खूण आणि तेच तिच्या नावाचे मूळ. या प्रजातीच्या बहुसंख्य जातींच्या अळ्या जमिनीत राहून मुळे खातात. मग मिरीवरच्या याच एका किड्याच्या अळ्या फळात कशा? अपवाद म्हणून ते सोडून देता आले असते. पण एखाद्या प्रजातीतील एकच सभासद निराळ्या तऱ्हेने राहतो असे दिसले, की वर्गीकरण करणाऱ्याने आधी तो खरोखरच त्या घरचा आहे का, हे तपासावे.

प्रथपन आणि विरक्तमठ या भारतीय शास्त्रज्ञांनी दक्षिण भारतातील नमुन्यांचा बारकाईने अभ्यास केला. मिरीवरचा किडा लॉन्जिटार्सस नव्हेच, तो 'लंका' या प्रजातीतला आहे आणि त्याच्या जातीला तोवर नावच दिले गेलेले नव्हते, असे त्यातून निष्पन्न झाले. त्यांनी त्याचे नाव 'लंका रामकृष्णाई' ठेवले. गंमत म्हणजे लंका ही प्रजाती मौलिक यांनी १९२६ च्या त्याच खंडात स्थापन केलेली होती. हे नाव मिळताच काही गोष्टी जागच्या जागी बसल्या. लंकाच्या दक्षिण भारतातील इतर जातीही मिरीच्याच प्रजातीतील वनस्पतींवर उपजीविका करतात. म्हणजे पोल्लु किडीचे नातलग शोधायचे, तर ते रानमिरीवर शोधायला हवेत. चुकीच्या नावाने आपण भलत्याच दिशेला पाहत राहिलो असतो.

दुसरे उदाहरण युरोपातील बटाट्याचे. २००४ च्या सुमारास पोर्तुगालमध्ये बटाट्यांच्या सालीखाली नागमोडी रेषा दिसू लागल्या. त्या 'एपिट्रिक्स' प्रजातीच्या अळ्यांनी केलेल्या होत्या. किडा उत्तर अमेरिकेतील एपिट्रिक्स सिमिलारिस असल्याचे ठरवण्यात आले, आणि २०१२ साली युरोपीय संघाने बटाट्याच्या वाहतुकीवर जे निर्बंध घातले त्यांत त्याचे नाव गेले. २०१५ मध्ये रशियन शास्त्रज्ञ ओर्लोव्हा-बिएन्कोव्स्काया यांनी दाखवून दिले, की युरोपातील हा किडा सिमिलारिसहून वेगळा असून त्याचे वर्णन तोवर कोणी केलेलेच नव्हते. त्याला त्यांनी 'एपिट्रिक्स पापा' हे नाव दिले. पापा हा बटाट्याचा दक्षिण अमेरिकेतील शब्द. परिणामी नियमांतील नावेही नंतर बदलावी लागली. ज्या किड्याला सीमेवर अडवायचे, त्याची ओळखच चुकलेली असेल तर पहारा कसा ठेवणार?

आता आपल्या घराजवळ येऊ. नाशिक-सांगलीचे द्राक्ष बागायतदार छाटणीनंतर फुटणारे डोळे पोखरणाऱ्या किड्याला 'उडद्या' म्हणतात आणि पुस्तिकांत त्याला पिसू-भुंगेरा म्हटलेले असते. कांस्य रंगाचा, पाठीवर सहा गडद ठिपके असलेला हा किडा म्हणजे 'स्केलोडोंटा स्ट्रिगिकॉलिस'. त्याच्या मागच्या मांड्या फुगीर नसतात आणि त्यांत स्प्रिंगही नसते. तो पर्णभुंगेऱ्यांच्याच कुलातला, पण युमॉल्पिनी या निराळ्या उपकुलातला आहे. उलट अमेरिकेत द्राक्षाचे डोळे खाणारा 'आल्टिका कॅलिबिया' हा खराखुरा पिसू-भुंगेरा आहे. त्याच्या अळ्या द्राक्षाची पाने उघड्यावर खातात. आपल्या उडद्याच्या अळ्या जमिनीत राहून वेलीची मुळे खातात. केवळ सामाईक नावावर विसंबून अमेरिकन पुस्तिकेतला सल्ला आपल्या बागेत वापरला, तर आपण पानांवर अळ्या शोधत बसू. बागायतदारांनी उडद्या म्हणू नये असे मुळीच नाही. बोलीतले नाव त्याच्या जागी उपयोगीच आहे, फक्त त्यावरून गोत्र ठरवू नये.

प्रजातींची नावे बदलतात तरी कशी, याबद्दल शिक्षकांकडून आम्हाला नेहमी विचारणा होते, आणि तिच्यात थोडी तक्रारही असते. प्रत्येक प्रजातीला एक प्रमाण-जाती नेमून दिलेली असते. आल्टिकाची प्रमाण-जाती आल्टिका ओलेरेशिया. प्रजातीचे विभाजन झाले तर मूळ नाव प्रमाण-जाती ज्या तुकड्यात राहील त्याला मिळते आणि बाकीच्यांना दुसरे नाव शोधावे लागते. दोन प्रजाती वस्तुतः एकच निघाल्या तर आधी दिलेले नाव टिकते. जाती दुसऱ्या प्रजातीत हलवली, की मूळ नाव देणाऱ्याचे नाव कंसात जाते. म्हणूनच 'आल्टिका ओलेरेशिया (लिनियस, १७५८)' असे लिहितात, आणि त्या कंसावरूनच कळते की लिनियसने ही जाती वेगळ्या प्रजातीत ठेवली होती. हे सारे ठरवण्यासाठी मूळ नमुने पाहावे लागतात आणि भारतीय किड्यांचे कितीतरी मूळ नमुने लंडनमध्ये, तर काही मॉस्कोत आहेत. भारतातील पिसू-भुंगेऱ्यांचे काम संथपणे चालते याचे हे एक कारण. दुसरे असे, की आल्टिकाच्या कित्येक जाती बाहेरून हुबेहूब सारख्या, निळ्या चकचकीत असतात आणि नराच्या जननेंद्रियाचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय त्या वेगळ्या काढता येत नाहीत.

शाळेत हे काम आरंभापर्यंत तरी नक्की करता येते. मुळा, मोहरी, भेंडी किंवा अंबाडीच्या छिद्रे पडलेल्या पानाखाली परीक्षानळी धरून वरून पान हलवावे, किडा आपणहून नळीत उडी घेतो. दहापट भिंगातून मागची मांडी, शृंगिकांची मुळे आणि पावलाचा पहिला खंड पाहावा. मुलांनी जातीचे नाव ठरवण्याची घाई करू नये. 'पिसू-भुंगेरा, बहुधा निसोट्रा' एवढे लिहिले तरी पुरे. मात्र चिठ्ठीवर गाव, तारीख आणि कोणत्या वनस्पतीवर सापडला हे लिहायचेच, कारण वनस्पतीचे नाव नसलेला नमुना आमच्या दृष्टीने अर्धाच असतो. पुढे कोणी नाव दुरुस्त केले तर जुनी चिठ्ठी फाडू नये. नवी चिठ्ठी त्याच टाचणीत, जुनीच्या खाली खोवावी.